मुखत्यारनाम्यावरील सह्या

वसंत ऋतूत, उन्हे उतरल्यावर, गावातील मंडळींनी एकत्र जमावे आणि कोणा एकाचे बोलणे तासभर ऐकून घ्यावे, ही चाल न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या काळी पुण्यात पडली आणि तेथून ती गावोगाव गेली. ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही एखाद्या संपाची हकीकत सांगू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही 'संस्थेचे कार्यकारी मंडळ' असा विषय कळविला. चिटणीसांचा चेहरा जरा उतरला. 'ह्याला श्रोते यायचे का हो?' असे त्यांनी विचारलेच. आम्ही म्हटले, येतील, कारण ज्याच्या घरातला एकही माणूस कोणत्याच कमिटीवर नाही, असे घर आपल्या गावात सापडणे कठीण. देवस्थानचे पंच, तालमीची कमिटी, वाचनालय, पतपेढी, शिक्षणसंस्था, भजनी मंडळ, गणेशोत्सव, आणि आमच्यासारख्यांची युनियन. आपल्या लोकांनी गेल्या दीडशे वर्षांत काय काय उभारले ह्याची यादी केली तर तिच्यात संस्था पुष्कळ निघतील. आणि त्यांतल्या बंद का पडल्या ह्याची चौकशी केली तर निम्म्यांच्या बाबतीत उत्तर एकच मिळेल: 'मंडळात भांडण झाले.' उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत उत्तर याहून वाईट असते. तेथे भांडणच झाले नाही. सारे काही एकटा चिटणीस पाहत होता आणि बाकीचे सह्या करीत होते.

ह्या दुसऱ्या प्रकारचा अनुभव आमचा स्वतःचा आहे. तो पुढे सांगणार आहोत. पण आधी इतिहास.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काय झाले ते वाचनालयात आणि संपाच्या मंडपात. त्यामुळे इतिहासाकडे पाहण्याची आमची दृष्टी थोडी वेगळी आहे. मोठ्या माणसांची चरित्रे आम्हीही वाचतो, परंतु वाचताना डोळा सारखा एका ठिकाणी जातो: ह्यांच्या सभेला किती जण हजर होते, ठराव कोणी मांडला, विरुद्ध मते किती पडली, आणि हरलेल्याने दुसऱ्या दिवशी काय केले?

पुण्याच्या पर्वतीचे देवस्थान सर्वांस ठाऊक आहे. नानासाहेब पेशव्यांनी ते बांधले. पेशवाई गेल्यावर देवस्थानचे उत्पन्न राहिले आणि ते सांभाळण्यासाठी पंच नेमलेले राहिले. ह्या पंचांच्या कारभाराविषयी १८७० च्या सुमारास शहरात कुरबूर सुरू झाली. देवाचे उत्पन्न नीट खर्च होत नाही, पंच कोणाचे ऐकत नाहीत, अशी लोकांची तक्रार. आता ही तक्रार करायची कोणी? एकेकट्याने गेले तर पंच विचारणार, तू कोण? पुष्कळांनी मिळून गेले तर सरकार विचारणार, तुम्ही कोणाच्या वतीने? ह्या अडचणीतून २ एप्रिल १८७० रोजी पुण्याची सार्वजनिक सभा जन्मास आली. महाराष्ट्राच्या राजकारणाचा पाया घालणारी संस्था देवस्थानच्या पंचांविरुद्धच्या तक्रारीतून निघाली, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. वाईट मंडळ कसे असते हे पाहूनच तिच्या संस्थापकांनी आपले मंडळ कसे असावे हे ठरविले असले पाहिजे.

गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक पुढे 'सार्वजनिक काका' म्हणू लागले, ते ह्या सभेचा प्राण. वकिली करणारा हा गृहस्थ. त्यांनी सभेच्या सभासदत्वास एक अट घातली. ज्यास सभासद व्हायचे असेल त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा. म्हणजे, 'अमुक गृहस्थाने आमच्या वतीने बोलावे' असे पन्नास जणांनी लेखी दिले पाहिजे. अशा रीतीने पहिल्या वेळी ९५ सभासद झाले आणि त्यांच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. हिंदुस्थानात कोणत्याही निवडणुकीत सामान्य माणसास मत नव्हते त्या काळातली ही गोष्ट आहे. वर्गणी भरली की सभासद, देणगी दिली की आश्रयदाता, आडनाव मोठे असले की अध्यक्ष, ह्यापलीकडे संस्थेची कल्पना जात नव्हती, तेव्हा एका वकिलाने कोर्टातला मुखत्यारनामा उचलून सभेत आणला.

हे सारे आम्ही भाबडेपणाने सांगत नाही. सभासद कोण होते तेही पाहिले पाहिजे. सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर. अध्यक्षपदी औंधचे पंतप्रतिनिधी. जोतीराव फुले ह्यांनी ह्या सभेवर टीका केली ती याच मुद्द्यावर: नाव सार्वजनिक, पण माळी, कुणबी, महार, मांग ह्यांचा तीत पत्ता नाही. ती टीका खरी होती. सह्या करणाऱ्यांत कोण होते आणि ज्यांच्याकडे सही मागायला कोणी गेलेच नाही असे किती होते, हा प्रश्न मुखत्यारनाम्याने सुटत नाही. परंतु एवढे मात्र झाले की, मंडळावर बसलेला माणूस स्वतःच्या जोरावर बसलेला नाही, त्याच्या खाली पन्नास जणांच्या सह्या आहेत, ही गोष्ट कागदावर आली. आणि कागदावर आलेली गोष्ट नंतर दुसऱ्यांना वापरता येते.

सभेने कामेही तशी केली. १८७१ साली रानडे पुण्यात आले आणि सभेला विचारांचे बळ मिळाले. दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी सभेने केली. १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची खरी हकीकत सरकारपुढे सतत मांडली. १८७८ पासून त्रैमासिक काढले. काका १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबाराला स्वदेशी जाडेभरडे कपडे घालून गेले होते. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घ्यायला पुढे आले तेही काकाच. १८८० साली ते वारले. काका गेले तरी सभा चालली. हा लहान मुद्दा नव्हे. आपल्या कितीतरी संस्था संस्थापकाच्या तेराव्याबरोबरच उठतात.

आता मुंबईस चला. साल १८८४, महिना सप्टेंबर. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. लोखंडे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधू' पत्र चालविणारे, आणि स्वतः गिरणीत स्टोअरकीपरचे काम केलेले. मागण्या काय? आठवड्यास रविवारची सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती. अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई. ह्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या.

हा आकडा वाचला तेव्हा आम्हांस पर्वतीखालच्या सहा हजारांची आठवण झाली. सह्या जवळजवळ तितक्याच. पण एक फरक आहे आणि तो आम्हांस आयुष्याच्या पन्नाशीत कळला. पुण्याच्या सह्या माणसाला अधिकार देणाऱ्या होत्या. मुंबईच्या सह्या मागणीच्या खाली होत्या. मागणी मान्य झाली की ती सही संपली.

मागणी मान्य झालीही. सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्री-कामगार बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी घरी असतो त्यात लोखंड्यांचा वाटा आहे. त्यांच्याविषयी बोलताना आमचे हात आपोआप जोडले जातात. तरीसुद्धा एक गोष्ट बोलली पाहिजे. त्यांच्या 'मिलहँड्स असोसिएशन'ला सभासदांचे रजिस्टर नव्हते, फंड नव्हता, लेखी नियम नव्हते. लोखंडे अध्यक्ष होते, आणि लोखंडे म्हणजेच असोसिएशन होती. कामगार त्यांच्याकडे येत, ते सल्ला देत, अर्ज लिहीत, साहेबांस भेटत. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता, लोखंडे प्लेगनेच गेले. असोसिएशन त्यांच्याबरोबर गेली.

दोष त्यांचा नव्हे. चौदा-चौदा तास माग चालविणारा माणूस मंडळाच्या सभेस कधी बसणार? निरक्षर माणसाने इतिवृत्त कसे लिहावे? सावकाराला आणि पेन्शनराला संस्था चालवायला वेळ असतो आणि त्याला ती चालविता येते, ह्यात त्याची थोरवी फारशी नाही. हे आम्ही अशासाठी सांगतो की, 'नियम काय करायचेत, माणूस चांगला पाहिजे' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. लोखंड्यांहून चांगला माणूस आणायचा कोठून?

त्याच सालच्या पुढल्याच महिन्यात, २४ ऑक्टोबर १८८४ रोजी, पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. कथा आपणां सर्वांस माहीत आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी ह्यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले. वामन शिवराम आपटे आले, आगरकर आले. १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. कोल्हापूरच्या खटल्यात टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहून आले. शास्त्रीबुवा १८८२ च्या मार्चमध्ये वारले. शाळा वाढत गेली, कॉलेज काढायचे ठरले, तेव्हा ह्या तरुणांनी ओळखले की, मित्रांची शाळा आणि लोकांची संस्था ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लोकांकडून पैसे घ्यायचे तर लोकांना हिशेब मागण्याची जागा पाहिजे. म्हणून सोसायटी नोंदविली. रोजचा कारभार आजीव सभासदांच्या मंडळाने करायचा; त्यावर बाहेरच्या प्रतिष्ठित माणसांसह वेगळ्या मंडळाची देखरेख. आजीव सभासदाने वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा करायची. पगार महिना पंचाहत्तर रुपये, आणि मागे बायकामुले उघड्यावर पडू नयेत म्हणून तीन हजारांचा विमा. २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले.

जे शिकवीत तेच कारभार करीत, ही ह्या रचनेची गंमत. मालक कोणी नाही. आम्ही कामगार लोक ज्याची भाषणे करतो ते येथे धोतर आणि पगडी घालून चालू होते. आणि भांडण जे झाले तेही अगदी युनियनमध्ये व्हावे तसे, पगारावरून आणि जादा कामावरून.

टिळकांचे म्हणणे असे होते की, आजीव सभासदाने सारा वेळ संस्थेस द्यावा, बाहेरची प्राप्ती करू नये. ख्रिस्ती जेझुइट पाद्री जसे आपल्या पंथाला वाहून घेतात तसे आपण वाहून घेतले पाहिजे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, पंचाहत्तरांत संसार होत नाही, आणि शाळेचे काम नीट करून उरलेल्या वेळात कोणी पुस्तक लिहिले, पत्र चालविले, सार्वजनिक काम केले, तर त्यात संस्थेचे काय गेले? आपट्यांचा संस्कृत कोश, गोखल्यांचे अंकगणित, आगरकरांचा 'सुधारक' ही सारी त्या उरलेल्या वेळातली पिके. टिळकांच्या हातीही 'केसरी' होताच, हा आक्षेप वाचणाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. शिवाय खाली सामाजिक सुधारणेचा वाद धुमसत होता. आगरकर १८८७ साली 'केसरी'तून बाहेर पडले होते आणि १८८८ पासून 'सुधारक'मधून लिहीत होते. एकाच शिक्षकांच्या खोलीत बसून ही माणसे एकमेकांविरुद्ध अग्रलेख लिहीत, आणि घंटा झाली की शेजारशेजारच्या वर्गांवर जात. आम्हांस ह्याचा हेवा वाटतो हे लपवून ठेवीत नाही.

१८९० साली गोपाळराव गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. टिळकांनी हरकत घेतली: हे एवढे मोठे बाहेरचे काम आजीव सभासदाने कसे पत्करावे? बहुमत टिळकांच्या बाजूस नव्हते. १५ डिसेंबर १८९० रोजी त्यांनी आपला राजीनामा सविस्तर लिहून दिला. राजीनामा म्हणजे दोन ओळींची चिठ्ठी नव्हे. संस्था कशासाठी काढली, कोणत्या तत्त्वावर काढली, कोठे कोठे वाट चुकली, ह्याचा तो लांबलचक जबाब आहे. आम्ही तरुण कार्यकर्त्यांस सांगतो की, भांडायचे तर असे भांडा. आपले म्हणणे दप्तरात ठेवा, चहाच्या गाड्यावर ठेवू नका.

पुढे काय झाले? जी संस्था आपण उभारली, दहा वर्षे रक्त आटवून वाढविली, ती सोडून जाताना टिळकांनी शेजारी दुसरे न्यू इंग्लिश स्कूल काढले नाही. विद्यार्थी फोडले नाहीत. बहुमत विरुद्ध गेले, ते बाहेर पडले. आणि आत राहिलेल्यांनीही संस्था पाडली नाही. नामजोशी आणि गोखले वर्गणीसाठी दारोदार फिरले. १८९२ साली आपटे वारले, आगरकर प्रिन्सिपॉल झाले, आणि १८९५ साली तेही गेले. पंधरा वर्षांत शास्त्रीबुवा, आपटे, आगरकर असे तीन खांब मोडले आणि चौथा स्वतःहून निघून गेला. संस्था उभी राहिली. रजिस्टर होते, फंड होता, नियम होते, आणि रिकामी झालेली जागा कशी भरायची हे लिहिलेले होते.

टिळकांच्या गणिताच्या तासांसाठी गोखल्यांनी मुंबईहून कोणास बोलाविले? धोंडो केशव कर्वे ह्यांस. अण्णासाहेब १८९१ साली आले, १८९२ साली आजीव सभासद झाले आणि १८९४... नव्हे १८९६ साली, कॉलेजची नोकरी चालू असताना, त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. पुढे आश्रम हिंगण्यास गेला आणि अण्णासाहेब कॉलेजचे तास संपवून पायी हिंगण्यास जात. १९१४ पर्यंत ते कॉलेजात होते. आता विचार करा. आश्रम हे बाहेरचे काम नव्हे काय? टिळकांचा नियम मंडळाने जसाच्या तसा स्वीकारला असता तर त्याच जागेवर आलेल्या माणसाला हिंगण्याची वाट बंद झाली असती. उलट टिळकांची भीती खोटी होती असेही म्हणवत नाही. उरलेल्या वेळाच्या नावाखाली संस्थेला चाट देणारे आजीव सभासद आम्ही आमच्या काळात डोळ्यांनी पाहिले आहेत. ह्या वादात कोणाची बाजू घ्यावी हे आम्हांस आजवर ठरविता आलेले नाही. एका वर्षी टिळक पटतात, दुसऱ्या वर्षी आगरकर.

सार्वजनिक सभेचा पुढचा भाग इतका सुखाचा नाही. १८९५ च्या जुलैमध्ये सभेच्या निवडणुकीत टिळकांच्या पक्षाने व्यवस्थापक मंडळ जिंकले. रानडे-गोखले पक्ष अल्पमतात गेला. आम्ही पुष्कळांकडून ऐकतो की टिळकांनी सभा 'बळकावली'. बहुमताने निवडून येणे ह्यास बळकावणे म्हणत असतील तर मग सारीच मंडळे बळकावलेली. खरी गोष्ट अशी दिसते की, पंचवीस वर्षे सभा आपल्याच हाती राहिल्यामुळे जुन्या मंडळींस सभासदांकडे जाण्याची गरज वाटेनाशी झाली होती. मुखत्यारनाम्यावर ज्यांच्या सह्या होत्या त्यांतले कित्येक वारले असतील. नव्या सह्या आणायला टिळकांची माणसे फिरली, जुनी मंडळी त्रैमासिकाची मुद्रिते तपासत बसली. हे आमचे अनुमान आहे, परंतु युनियनच्या निवडणुका तीस वर्षे पाहिल्यावर केलेले अनुमान आहे.

हरल्यावर रानड्यांनी ४ नोव्हेंबर १८९६ रोजी 'डेक्कन सभा' ही वेगळी संस्था काढली. रानड्यांबद्दल आमच्या मनात अपार आदर आहे. आम्ही उभे आहोत तो मंचही त्यांच्याच परंपरेचा. पण हे त्यांनी करायला नको होते असे आम्हांस वाटते. अल्पमतात राहून सभेत बसणे, विरुद्ध मत नोंदविणे, पुढल्या निवडणुकीची वाट पाहणे, हे त्यांच्यासारख्याने करून दाखविले असते तर महाराष्ट्राला तो धडा मिळाला असता. धडा मिळाला तो उलटा. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या सभेने गावोगाव माणसे पाठवून शेतकऱ्यांस दुष्काळाच्या कायद्यातले त्यांचे हक्क समजावून सांगितले. काम उत्तम झाले. सरकारने १८९७ साली सभेशी पत्रव्यवहारच बंद केला. सभेस शहाणपणाचे कान नाहीत आणि नव्या सभेस लोकांचे पाय नाहीत, अशी दोन्हीकडे उणीव राहिली.

आमच्या चळवळीने हा उलटा धडा चांगला गिरविला. ना. म. जोशी १९०९ साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले आणि कामगारांच्या कामाला लागले. १९२० साली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात ती फुटली आणि जोशीच आपला गट घेऊन बाहेर पडले. त्यानंतर किती वेळा फुटली हे मोजण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र आमच्या लोकांनी पुण्याच्या पुढे जाऊन केली. १९२८ च्या सुमारे सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियन निघाली, आणि तिने गिरणीगणिक कमिट्या केल्या. अध्यक्ष आळवे हे गिरणीतलेच कामगार, सरचिटणीस डांगे. वरच्या मंडळाने काही ठरविले तर ते खाली खात्याखात्यांत विचारले जाई, आणि खालची तक्रार वर येई. १९२६ च्या कायद्यानेही युनियनचे निदान निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या धंद्यात काम करणारे असावेत अशी अट घातली होती. सार्वजनिक काकांचा मुखत्यारनामा येथे पुन्हा भेटतो, ह्या खेपेस मागावरच्या तेलकट हातांनी सही केलेला.

आता आमची गोष्ट. आमच्या गावी यंत्रमाग कामगारांचे एक वाचनालय आहे. आम्ही त्याचे चिटणीस होतो. मंडळ अकरा जणांचे. कामगारांच्या पाळ्या निरनिराळ्या, सभेला माणसे जमत नसत. आम्ही सोयीचा मार्ग काढला. ठराव घरी बसून लिहायचा आणि प्रोसिडिंग बुक पिशवीत घालून सायकलीवर सह्या घेत हिंडायचे. आम्हांवर सर्वांचा विश्वास. कोणी वाचीत नसे. 'भाऊंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.' हे वाक्य ऐकताना आम्हांस गोड वाटे, हे कबूल करतो. टिळक-आगरकरांवर भाषणे करणारे आम्ही, आणि आमच्या मंडळात सात वर्षांत एकही ठराव मतास टाकला गेला नव्हता.

२००४ साली इमारतीसाठी जमविलेले तीन लाख रुपये आम्ही एका पतसंस्थेत ठेवले. तिच्या चालकांनी आमच्या एका संपात धान्याची मदत केली होती. व्याजही बँकेपेक्षा जास्त. ठराव लिहिला, पिशवी घेतली, निघालो. नऊ सह्या झाल्या. दहावे एक वहिफणीचे काम करणारे वृद्ध गृहस्थ, त्यांना सारे तात्या म्हणत. तात्यांनी चष्मा लावून ठराव दोनदा वाचला आणि विचारले, 'भाऊ, ही सभा झाली कुठं?'

आम्ही म्हटले, 'तात्या, झाली म्हणायची.'

'मग मी हुतो म्हणायचं का नव्हतो म्हणायचं?'

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी बुक मिटून परत दिले. 'सभा लाव, मी दोन तासांचा खाडा करून येतो. तिथं सांग, मग करतो सही.' आम्हांस राग आला. एवढ्या वर्षांच्या सेवेची ही किंमत, असे आम्ही घरी बोलूनही दाखविले. सभा लावली नाही. तात्यांच्या सहीवाचून ठराव गेला, कारण बहुमत होतेच.

चार वर्षांनी ती पतसंस्था अडचणीत आली आणि ठेवी अडकल्या. कागदपत्रे मागितली गेली. ज्या सभेत रक्कम ठेवण्याचा निर्णय झाला ती सभा कोणत्या वेळी, कोणत्या जागी भरली, सूचना कधी काढली, असे प्रश्न आले. सह्या करणाऱ्या नऊ जणांतल्या प्रत्येकाला उत्तर द्यावे लागले. त्यांत दोघे असे होते की ज्यांना घरात दोन वेळची चूल पेटविण्याची भ्रांत, आणि त्यांच्या बायका आमच्या दारात येऊन विचारू लागल्या की आता आमच्या घरावर जप्ती येईल काय? जप्ती आली नाही. रकमेचा काही भाग पुढे हप्त्याहप्त्याने मिळाला, सगळा मिळाला नाही. ती रात्र मात्र आम्ही विसरलो नाही. त्या बायकांच्या नवऱ्यांनी आम्हांस मुखत्यारनामा दिला होता, आणि आम्ही त्यावरची सही तेवढी वापरली.

साधारण सभा बोलावली. आम्ही उभे राहून सारे सांगितले आणि राजीनामा दिला. राजीनामा मंजूर करू नये असे बरेच जण म्हणाले; 'भाऊंशिवाय वाचनालय चालणार नाही,' असेही कोणी बोलले. तात्या म्हणाले, 'मंजूर करा. पर मंडळावर ऱ्हाऊ द्या. सह्या घेत हिंडायचं काम तेवढं काढून घ्या त्यांच्याकडनं.' टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. ठराव मतास टाकला, सव्वीस विरुद्ध एकोणीस.

नव्या मंडळाची पहिली बैठक रविवारी सकाळी नऊला ठेवली, कारण तेवढी एकच वेळ सगळ्या पाळ्यांना जमणारी. सुटीचा दिवस, लोखंड्यांचा. नऊ वाजता पाच जण आले होते. नवा चिटणीस तरुण पोरगा, त्याने सुरुवात करू या म्हटले. तात्यांनी बोटाने माणसे मोजली, नियमावली उघडून गणपूर्तीचा आकडा दाखविला आणि म्हणाले, 'सहावा येऊ दे.' आम्ही चहा सांगितला. सहावा दहा वाजून दहा मिनिटांनी आला. रात्रपाळी करून तसाच आला होता, डोक्यात कापसाची तुसे तशीच. मग हजेरीच्या सह्या झाल्या आणि पोराने मागल्या सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचायला घेतले.